कुलाब्याच्या बुटीक हॉटेलात राहण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण मुंबईतल्या लहान पण महागड्या हॉटेलांबद्दल मला सतत प्रश्न येतात. कुणाला लग्नाच्या वाढदिवसाला दोन रात्री घालवायच्या असतात, कुणी न्यू जर्सीतून आईबाबांसाठी खोली शोधत असतं, कुणाला कंपनीच्या कामासाठी फोर्टजवळ राहायचं असतं. या भागातल्या हॉटेलांच्या फ्रंट डेस्कवर मी काम केलंय, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते ठाऊक आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. कुलाबा म्हणताना माझ्या मनात रिगल सिनेमापासून ससून डॉकपर्यंतचा पट्टा आहे, शिवाय काळा घोडा.

१. बुटीक हॉटेल म्हणजे नक्की काय? त्याला किती स्टार असतात?

केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना एक ते पाच स्टार आणि फाइव्ह स्टार डिलक्स असे दर्जे देतं. १९५० च्या आधीच्या वास्तूंसाठी हेरिटेजचा वेगळा गट आहे. 'बुटीक' नावाचा सरकारी दर्जा मात्र नाही, त्यामुळे ही पाटी कुणीही लावू शकतं. १९८४ मध्ये न्यू यॉर्कला मॉर्गन्स हॉटेल सुरू झालं, तेव्हापासून हा शब्द जगभर रुळला. खोल्या थोड्या, प्रत्येक खोलीची मांडणी निराळी आणि मालकाच्या आवडीचा ठसा सगळीकडे, असं त्याचं स्वरूप.

खरं बुटीक ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. हॉटेलात फोन करा आणि विचारा, "तुमच्या खोल्यांमध्ये फरक काय?" समोरचा माणूस प्रत्येक खोलीच्या खिडकीबद्दल, पलंगाबद्दल, आवाजाबद्दल बोलायला लागला तर जागा बरोबर आहे. "सगळ्या डिलक्सच आहेत" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

२. एवढे पैसे मोजायचे तर ताजमध्येच का राहू नये?

पोहण्याचा तलाव, चार-पाच रेस्टॉरंटं, जिम, स्पा, रात्री तीन वाजता गरम जेवण यांपैकी काही तुम्हाला खरोखर हवं असेल तर मोठ्या हॉटेलातच जा. लहान हॉटेलात ते मिळणार नाही आणि तुम्ही दोन दिवस हळहळत बसाल. १६ डिसेंबर १९०३ ला उघडलेल्या त्या वास्तूत राहण्याचं मोलही वेगळंच आहे. फक्त बुकिंग करताना जुनी इमारत की १९७३ चा टॉवर, ते बघून घ्या.

लहान हॉटेलात तुम्ही पैसे मोजता ते वास्तू, गल्ली आणि माणसं यांचे. सकाळी चहा देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तुमची साखर लक्षात असते. बाहेर पडताना डेस्कवरची मुलगी सांगते की आज म्युझियमला शाळांच्या सहली आहेत, दुपारनंतर जा. हे ज्यांना भावतं त्यांनी निःशंक यावं. ताजमध्ये चहा घ्यायला तिथे मुक्काम करावा लागत नाही.

३. कुलाबाच का? बांद्रा किंवा जुहू का नको?

काम बीकेसीत (बांद्रा-कुर्ला संकुलात) असेल तर बांद्राच. त्यात दुमत नाही. पण मुंबई बघायला येणार असाल, आणि तीही पायी, तर कुलाब्याला तोड नाही. १८३८ मध्ये कॉजवे बांधून कुलाबा मुंबईला जोडलं गेलं, आणि त्यापुढची शंभर वर्षं इथल्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर वाचता येतात. हॉटेलातून निघालात की रिगल (१९३३), वस्तुसंग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२), डेव्हिड ससून लायब्ररी, मग ओव्हल मैदान. ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं की एका हाताला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारतींची रांग. याच समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे सगळं रमतगमत एका सकाळीत होतं आणि दुपारच्या झोपेला खोलीत परत येता येतं. माझ्या मते या मुक्कामाचं खरं सुख तेच.

४. नेमक्या कुठल्या गल्लीत हॉटेल घ्यावं?

या प्रश्नावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि मुक्काम बहुतेक याच कारणाने बिघडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अपोलो बंदरची, म्हणजे गेटवेपासून रेडिओ क्लबपर्यंतची रांग समुद्रासमोर आहे. देखावा अप्रतिम, दरही तसेच. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी समोर गर्दी, घोडागाड्यांची जागा घेतलेल्या इलेक्ट्रिक बग्ग्या, फोटोवाले. रेडिओ क्लबजवळ २०२५ मध्ये नव्या प्रवासी जेट्टीचं काम सुरू झालं. त्या टोकाला खोली घेत असाल तर कामाचा आवाज किती येतो हे हॉटेललाच विचारा. स्पष्ट विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात.

ताजच्या मागच्या गल्ल्या खाण्यापिण्याच्या जागांना अगदी लागून आहेत. टुलोक रोडवर बडेमियाँची गाडी रात्री उशिरापर्यंत चालते. कबाब हाकेच्या अंतरावर ही चैन आहेच, पण रस्त्याकडची खिडकी असेल तर झोपेवर पाणी सोडावं लागेल. रिगलच्या मागे लॅन्सडाउन हाउससारख्या जुन्या इमारतींत काही सुंदर जागा आहेत. त्याही चौकाच्या जवळ, पण आतल्या बाजूची खोली मिळाली तर बऱ्याच शांत.

कॉजवेवर, म्हणजे शहीद भगतसिंग मार्गावर, खिडकी नको. खरेदीला जायला उत्तम रस्ता, झोपायला नाही. कॉजवे ओलांडून वोडहाउस रोडच्या बाजूला गेलं की झाडं वाढतात आणि हॉर्न कमी होतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी सहसा तिकडेच पाठवते.

ससून डॉककडे जसजसे जाल तसतसा मासळीचा वास येणार. १८७५ चा हा धक्का पहाटे पाचच्या सुमारास जागा असतो. टोपल्या, बर्फ, कोळणींचे चढे आवाज. तिथे एकदा जरूर जा, पण नाकाचा त्रास असेल तर मुक्काम उत्तरेकडे ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा बाजार मंदावतो.

५. 'सी व्ह्यू' खोलीतून सूर्यास्त दिसेल ना?

नाही. अपोलो बंदर पूर्वेला, बंदराकडे तोंड करून आहे. तिथून सूर्योदय दिसतो, नांगरलेली जहाजं आणि घारापुरीच्या लाँचा दिसतात. सूर्यास्त हवा असेल तर संध्याकाळी मरीन ड्राइव्ह गाठा, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. ज्यांना सकाळी उशिरापर्यंत झोपायचंय त्यांनी पूर्वेच्या खोलीत जाड पडदे आहेत का विचारावं.

'पार्शियल सी व्ह्यू' हे शब्द दिसले की त्याच खोलीतून काढलेला फोटो मागवा. बाथरूमच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या पट्टीलाही हे नाव दिलेलं मी पाहिलंय.

६. जुन्या इमारतीत खोली घेताना काय विचारावं?

शंभर वर्षांची इमारत म्हणजे उंच छत, सागवानी तुळया, नक्षीच्या फरश्या. त्याच इमारतीत लाकडी जमीन वाजते, वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या टाचा ऐकू येतात आणि जाळीच्या लिफ्टमध्ये दोन बॅगा घेऊन एकच माणूस मावतो. काही ठिकाणी लिफ्ट पहिल्या जिन्यानंतर सुरू होते.

म्हणून हे विचारा: खोलीला उघडणारी खिडकी आहे का (काही स्वस्त खोल्यांना ती नसतेच), बाथरूम खोलीतच आहे का, खोली रस्त्याकडे की इमारतीच्या आतल्या चौकाकडे, आणि खोलीचं क्षेत्रफळ किती. कुलाब्यातल्या काही 'सुपीरियर' खोल्यांत दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. चांगली हॉटेलं खोलीत ओल शोषणारं यंत्र ठेवतात, ते मागून घ्या.

७. आईबाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, पण "लिफ्ट आहे का" एवढ्यावर थांबू नका. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, हे विचारा. फुटपाथवरून आत येताना तीन, लिफ्टपर्यंत पाच, खोलीच्या उंबऱ्याशी एक आणि बाथरूममध्ये आणखी एक असा हिशोब निघतो. गुडघे दुखणाऱ्याला शेवटचीच पायरी छळते. बाथटबमध्ये पाय टाकून आंघोळ करावी लागते की वेगळा शॉवर आहे, धरायला दांडी आहे का, प्लास्टिकचं स्टूल मिळेल का, हेही विचारा. स्टूल बहुतेक सगळीकडे असतं, फक्त आधी सांगावं लागतं.

व्हीलचेअर लागत असेल तर स्पष्टच सांगते, जुन्या इमारतीतलं बुटीक हॉटेल टाळा. टॉवर असलेलं मोठं हॉटेल घ्या.

८. अ‍ॅपवरून बुक करू की थेट हॉटेलला फोन करू?

भाव अ‍ॅपवर बघा आणि बुकिंगआधी हॉटेलला फोन करा. अ‍ॅपला कमिशन द्यावं लागतं, त्यामुळे थेट बुकिंगला तोच दर आणि वर नाश्ता किंवा उशिराचा चेकआउट मिळण्याची शक्यता बरीच असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थेट बुकिंगमध्ये विशिष्ट खोली मागता येते. अ‍ॅप फक्त खोलीचा प्रकार बुक करतं. वीस खोल्यांच्या हॉटेलात एकाच प्रकारच्या दोन खोल्यांतला फरक प्रश्न ६ मध्ये सांगितलाय तेवढा असू शकतो.

रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा दर तारीख पक्की असेल तेव्हाच घ्या. पावसाळ्यात तर नकोच.

९. बिलावर जीएसटी किती लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचा एका रात्रीचा दर ₹७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर असेल तर १८ टक्के. छापील दर नव्हे, प्रत्यक्षात आकारलेला दर धरला जातो. हिशोब करून बघा: ₹७,५०० च्या खोलीचे करासह ₹७,८७५ होतात, ₹७,६०० च्या खोलीचे ₹८,९६८. दरात शंभर रुपयांचा फरक आणि बिलात ₹१,०९३ चा. म्हणून दर या रेषेच्या जरासा वर असेल तर थोडी सवलत मागायला अजिबात संकोचू नका. हॉटेलवाल्यालाही हे गणित माहीत असतं.

अ‍ॅपवर दिसणारा मोठा आकडा बहुतेक वेळा कराविना असतो. हॉटेलच्या रेस्टॉरंटचा कर खोलीच्या करापेक्षा वेगळा ठरतो. महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलांत जेवणावरही १८ टक्के लागू शकतो, तर बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के.

१०. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का? आणि टिप?

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. बिलात आपोआप जोडलेला दिसला तर काढायला सांगा, शांतपणे. जीएसटी हा वेगळा विषय, तो द्यावाच लागतो.

टिप मात्र मनापासून द्या. लहान हॉटेलात तीच चार-पाच माणसं बॅगा उचलतात, खोली आवरतात, रात्री डेस्कवर बसतात. बऱ्याच ठिकाणी डेस्कवर सगळ्यांसाठी एक डबा असतो, निघताना त्यात टाकलेले पैसे वाटून घेतले जातात. मला ही पद्धत योग्य वाटते, कारण खोली झाडणारी बाई तुमच्या समोर कधी येतच नाही. रोख असेल तर उत्तम.

११. ओळखपत्र कुठलं लागतं? आम्ही परदेशी नागरिक आहोत, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे.

भारतीयांसाठी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं ओळखपत्र लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं पुरत नाही. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या.

परदेशी पासपोर्ट असेल तर हॉटेलला तुमची माहिती २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. ओसीआयधारकांनी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हाताशी ठेवावीत. "अहो, मी मूळची गिरगावची" हे डेस्कवरच्याला मनापासून पटतं, पण फॉर्म भरावाच लागतो. त्यावर रागावू नका.

१२. आमचं लग्न झालेलं नाही, आणि पत्ता ठाण्याचा आहे. खोली देतील?

दोन प्रौढ व्यक्तींनी, लग्न झालेलं असो वा नसो, एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलंय. कुलाब्यातली चांगली बुटीक हॉटेलं हा प्रश्न विचारत नाहीत.

स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र ही वेगळी अडचण आहे. काही हॉटेलं मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेल्यांना खोली देत नाहीत. तो त्यांनी स्वतः केलेला नियम आहे, आणि मला तो अपमानकारक वाटतो. घरापासून दोन रात्री लांब, शांत राहायचं असतं एवढंच कारण पुरेसं आहे. बुकिंगआधी फोनवर विचारा आणि 'चालेल' हे ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

१३. डेक्कन क्वीनने सकाळी पोचतो. खोली लगेच मिळेल?

सहसा दुपारी दोनला. डेक्कन क्वीन साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला लागते, म्हणजे मधले तीन-साडेतीन तास काढायचे. आदल्या दिवशी फोन करून ठेवलात आणि खोली रिकामी असेल तर लहान हॉटेलं बहुतेक वेळा आधी देतात. नाहीतर बॅगा डेस्कवर ठेवा, तोंड धुवा, आणि ऑलिंपियात खिमा पाव किंवा कैलाश पर्बतमध्ये छोले भटुरे खाऊन वस्तुसंग्रहालयात जा. दोन कधी वाजले ते कळणार नाही.

चेकआउट बहुतेक ठिकाणी अकरा किंवा बाराला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅगा ठेवायला कुणी नाही म्हणत नाही.

१४. विमान १५ तारखेला पहाटे दोनला उतरतं. बुकिंग कुठल्या तारखेचं?

१४ तारखेच्या रात्रीचं. १५ चं केलंत तर खोली १५ च्या दुपारी मिळेल आणि पहाटे तुम्ही लॉबीत बसून राहाल. आखातातून आणि अमेरिकेतून येणाऱ्यांचा हा घोळ फार होतो. याला जोडून एक गोष्ट न विसरता करा: १४ चं बुकिंग केल्यावर हॉटेलला विमानाचा क्रमांक आणि उतरण्याची वेळ लेखी कळवा. नाहीतर मध्यरात्रीपर्यंत पाहुणा आला नाही म्हणून बुकिंग 'नो शो' धरलं जाऊ शकतं आणि पैसेही जातात. लहान हॉटेलात रात्री दार बंद असतं, आत एकच माणूस असतो. तुम्ही येणार हे त्याला माहीत हवं.

१५. विमानतळावरून कसं यावं?

सामान कमी असेल तर मेट्रो ३. ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि दोन्ही टर्मिनलजवळ तिची स्टेशनं आहेत. हॉटेल रिगलच्या बाजूला असेल तर हुतात्मा चौकाला उतरा, वोडहाउस रोडकडे असेल तर विधान भवन किंवा कफ परेडला. तिथून पुढे टॅक्सी. कुलाब्यात रिक्षा नाहीत, मुंबई शहरात त्यांना परवानगीच नाही. रात्री उशिरा मेट्रो बंद असते.

टॅक्सीने सी लिंक आणि कोस्टल रोडवरून आलात तर रात्री साधारण पाऊण तास, संध्याकाळच्या गर्दीत दुप्पट धरा. गेटवेसमोर गाडी थांबवू देत नाहीत, म्हणून चालकाला नुसतं 'गेटवे' न सांगता हॉटेलची गल्ली सांगा.

१६. पुण्याहून स्वतःची गाडी आणावी का?

शक्य असेल तर नको. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूमुळे यायचा रस्ता सुखाचा झालाय. शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवेने थेट फोर्टपर्यंत येता येतं. पण कुलाब्यात पोचल्यावर गाडी हे ओझंच होतं. या हॉटेलांना स्वतःचं पार्किंग क्वचितच असतं. 'व्हॅले' म्हणजे बहुतेक वेळा रस्त्यावरच्या पे अँड पार्कमध्ये नेऊन लावणं. आणणारच असाल तर पार्किंगचे पैसे कोण देणार आणि रात्री गाडी हवी झाली तर काय, हे आधी विचारा.

१७. लहान मुलं चालतात का?

काही हॉटेलं बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, ते संकेतस्थळावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जुन्या इमारतींच्या खिडक्या मोठ्या आणि खाली उतरत्या असतात. चालायला लागलेलं मूल असेल तर खिडकीला गज आहेत का ते विचाराच. जादा गादी घातल्यावर खोलीत जागा उरते का, हेही.

१८. जेवणाचं काय? शाकाहारी आणि उपवासाचं मिळतं?

नाश्ता हॉटेलात, बाकी जेवण बाहेर, असा बेत ठेवा. नाश्त्याला पोहे, उपमा किंवा अकुरी-पाव (पारशी पद्धतीची अंडाभुर्जी) बहुतेक असतंच. मागितलं तर साबुदाण्याची खिचडी आणि जैन पदार्थही करून देतात, मात्र आदल्या रात्री सांगायला हवं, कारण स्वयंपाकी सकाळी सामान मोजूनच आणतो.

बाहेर पर्यायांना तोटा नाही. १८७१ चं लिओपोल्ड, त्याच रस्त्यावर माँडेगर. फोर्टमध्ये माशांसाठी महेश लंच होम. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया दुपारपुरतंच उघडं असतं, तिथल्या बेरी पुलावासाठी एक दुपार मोकळी ठेवा.

१९. खोलीत दारू चालते का?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, इतर मद्यासाठी २५. बुटीक हॉटेलांपैकी बऱ्याच जणांकडे बारचा परवाना नसतो. बाहेरून आणलेली बाटली चालेल का, हे हॉटेलच्या नियमावर अवलंबून आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात ड्राय डे असतो. त्या दिवशी वाढदिवसाची पार्टी ठरवू नका.

२०. कुठल्या तारखा टाळाव्यात?

३१ डिसेंबरच्या रात्री गेटवे परिसरात पाय ठेवायला जागा नसते आणि गाड्या लांबच अडवतात. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी दुपारपर्यंत दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात, त्या दिवशी सकाळचं विमान घेऊ नका. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेवर कार्यक्रम असतात.

काळा घोडा महोत्सव जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात नऊ दिवस चालतो. गर्दी प्रचंड, दर चढे. तरी मी म्हणेन की त्याच वेळी या, फक्त खोली दोन-तीन महिने आधी पक्की करा.

पावसाळ्याबद्दल लोक उगाच घाबरतात. जुलैतल्या दुपारी उंच छताच्या खोलीत बसून बंदरावरचा पाऊस पाहणं हे या हॉटेलांचं सगळ्यात देखणं रूप आहे, आणि दरही उतरलेले असतात. भरतीच्या वेळा आणि हवामान खात्याचा इशारा मात्र रोज बघा. अलिबागकडच्या बोटी बंद असतात, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

२१. एका मुक्कामात घारापुरी आणि अलिबाग दोन्ही होईल?

दोन्हीसाठी गेटवेवरूनच बोटी सुटतात, त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवशी सहज होईल. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. अलिबागसाठी मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरान बोटी पावसाळ्यात थांबतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून जाणारी, गाड्याही नेणारी रो-रो बोट चालू आहे का ते पाहावं, हवा बिघडली की तिच्याही फेऱ्या रद्द होतात.

२२. चेकइनच्या वेळी कार्डावर जादा रक्कम का अडवून ठेवतात?

नाश्ता, लॉन्ड्री, मोडतोड यांची हमी म्हणून. क्रेडिट कार्डावर ती रक्कम फक्त राखून ठेवली जाते, कापली जात नाही. डेबिट कार्डावर तेवढे पैसे तुमच्या खात्यात अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी क्रेडिट कार्डच द्या. ते नसेल तर यूपीआयने अनामत भरा आणि पावती घ्या.

२३. कंपनीच्या नावाने बिल हवंय. आमची नोंदणी बंगळूरूची आहे.

बिल मिळेल, पण त्यावरच्या कराचं क्रेडिट (म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या जीएसटीतून वजावट) कंपनीला मिळणार नाही. हॉटेलची सेवा जिथे वास्तू आहे तिथलीच धरली जाते, म्हणून बिलावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा जीएसटी लागतो. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर तोच क्रमांक द्या. जीएसटी क्रमांक चेकइनलाच लिहून द्या, बिल निघाल्यावर बदलणं त्रासाचं होतं. अ‍ॅपवर पैसे भरले असतील तर बिल कोण देणार, हे आधी ठरवून घ्या.

२४. संध्याकाळी मित्रमंडळी खोलीत आली तर? आणि खोलीत फोटोशूट?

चार मित्र गप्पा मारायला आले तर डेस्कवर ओळखपत्र दाखवून येऊ देतात, रात्री दहा-अकरानंतर नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला याच गल्ल्यांत काय घडलं ते इथलं कुणीही विसरलेलं नाही, त्यामुळे तपासणीला नाक मुरडू नका. त्यांच्यापैकी कुणी मुक्कामाला राहणार असेल तर जादा पैसे लागतील.

स्वतःच्या फोनवर हवे तेवढे फोटो काढा. फोटोग्राफर, दिवे, कपड्यांच्या बॅगा घेऊन प्री-वेडिंग करायचं असेल तर परवानगी आणि वेगळं शुल्क लागतं. जिन्यातून सामान नेताना इतर पाहुण्यांची वाट अडते, म्हणून ते योग्यच आहे.

२५. खोली फोटोसारखी निघाली नाही तर काय करायचं?

बॅग उघडण्याआधी बोला. खोलीत दोन तास राहून, आंघोळ करून मग तक्रार केली तर बदलून देणं हॉटेललाही अवघड जातं. फोनवर बोलत बसू नका, खाली डेस्कवर जा, संकेतस्थळावरचा फोटो दाखवा आणि नेमकं काय वेगळं आहे ते सांगा: खिडकी नाही, बाथरूम गळतंय, जे असेल ते. लहान हॉटेलात मालक किंवा व्यवस्थापक बहुतेक वेळा इमारतीतच असतो, त्याला भेटायचा आग्रह धरा. दुसरी खोली नसेल तर त्या रात्रीच्या दरात किती कपात देणार, ते लिहून घ्या. अ‍ॅपवरून बुकिंग असेल तर खोलीचे फोटो त्याच वेळी अ‍ॅपच्या मदत विभागाला पाठवा, निघाल्यावर पाठवलेले कुणी धरत नाही.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सक्तीच्या सर्व्हिस चार्जची (प्रश्न १०) तक्रारही तिथेच करता येते. सोबत बिल, बुकिंगची पावती आणि हॉटेलशी झालेला लेखी संवाद लागतो.